आवक क्रमांक चारशे सतरा

कांजूरमार्ग मागे पडलं आणि लताच्या तळव्यांना डांबर कळायला लागलं. आठसुद्धा वाजले नव्हते, पण ऑक्टोबरचं ऊन ते; रस्ता आत्ताच तापला होता. घाटकोपरहून मुलुंडच्या गणपतीला संकष्टीला अनवाणी चालत येईन, असं ती देवाला बोलून बसली होती. तिच्या चपला कापडी पिशवीत होत्या आणि पिशवी सुहासिनीच्या खांद्याला. सुहासिनीच्या पायात चांगले जाड तळाचे बूट, आणि हातात वडापाव.

"माझ्यासमोर खातेस?" लता म्हणाली.

"उपास तुझा आहे, माझा नाही." सुहासिनीने मिरचीचा तुकडा मोडला. "आणि नवस माझ्या नोकरीसाठी बोललीस, तेही मला न विचारता. निदान खाऊ तरी दे."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. देवाला काय सांगणार आहेस गं? हिचं कंत्राट वाढव म्हणून? त्यापेक्षा त्याला म्हण, तळघराची किल्ली दे."

दोघी घाटकोपरच्या एकाच मराठी शाळेत, एका बाकावर शिकलेल्या. सुहासिनी तायडे बौद्ध घरातली, मूर्तीपुढे हात न जोडणारी. लता संकष्टी न चुकवणारी. यावरून दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं. एक देवळात गेली की दुसरी बाहेर चपला सांभाळत बसायची. आज मात्र सुहासिनी अख्खा रस्ता चालायला आली होती, कारण दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अकरा वाजता तिची चौकशी होती आणि घरात बसून तिचे हात शिवशिवत होते.

पूर्व उपनगरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती चौदा वर्षं ऑफिस कोऑर्डिनेटर होती. हे नाव ऐकून लोकांना वाटायचं, कुणीतरी मोठी बाई. तिची आई शांताबाई तर शेजारणींना 'माझी पोरगी युनिव्हर्सिटी बघते' असंच सांगायची. कामाचं स्वरूप असं की, ज्या गोष्टीला दुसरा कुणी धनी नाही ती सुहासिनीची. पुस्तकांना वाळवी लागली, बोलवा सुहासिनी मॅडमना. वाचनकक्षातला पंखा कुरकुरतो, सांगा मॅडमना. बैठकीची पत्रं, रजेचे अर्ज, विसरलेल्या छत्र्या, कुलगुरूंच्या कार्यालयाचे फोन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवक-जावक. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून नंबर टाकायचा आणि जाड नोंदवहीत एक ओळ लिहायची. एकदा नंबर पडला की तो कागद आला नव्हता असं कुणाला म्हणता येत नाही.

कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने संपले की एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा नवं पत्र. त्या ब्रेकच्या दिवशी ती कर्मचारी नसायची. मग ती काय करायची, तर सकाळी साडेनऊला येऊन बाहेरच्या लोकांसाठीच्या वहीत 'पाहुणी' म्हणून सही करायची आणि दिवसभर वाचनकक्षात ऐटीत वाचत बसायची. चहासुद्धा मागवायची. चहा आणून देणारे सहदेवमामा हसून म्हणायचे, "आज तुमी गिऱ्हाईक, मॅडम."

हे सहदेवमामा म्हणजे ग्रंथालयाचे शिपाई, सहदेव घाडी. मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. तेहतीस वर्षं त्यांनी तीच पुस्तकं तिथल्या तिथे लावली होती. वर्गीकरणाचे आकडे त्यांना पाठ नव्हते, पण कुठलं पुस्तक कुठे हे हाताला पाठ होतं. आणि आता त्याच मामांवर चौसष्ट पुस्तकं लांबवल्याचा ठपका होता.

झालं होतं असं. पावणेदोन वर्षांपूर्वी विद्यापीठात मूल्यांकनाची समिती आली. समिती येणार म्हटलं की काय होतं हे अशा ठिकाणी काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. आदल्या रात्रीपर्यंत रंग चालतो, नळाला पाणी येतं, कुंड्या भाड्याने येतात. समितीच्या दिवशी सकाळी सव्वानऊला ग्रंथपाल चंद्रप्रकाश सर धावत सुहासिनीच्या टेबलाशी आले. प्रशासकीय इमारतीतल्या सभागृहात काचेचं कपाट आणलं होतं आणि ते रिकामंच होतं. "मॅडम, जुनी चामडी बांधणीची पुस्तकं पाठवा वर. भरगच्च दिसलं पाहिजे. दहाच्या आत."

ग्रंथालयातून पुस्तक बाहेर जायचं तर चिठ्ठी करावी लागते. पुस्तकांची यादी, नेणाऱ्याची सही, आणि शेवटचा रकाना 'आदेशावरून'. त्यात ज्याने सांगितलं त्याने सही करायची. सुहासिनीने यादी लिहिली. जुने कोश, जमीन-मोजणीचे अहवाल, प्रवासवर्णनं, मोजून चौसष्ट. सहदेवमामांनी सही केली आणि हातगाडीवर पुस्तकं घालून नेली. शेवटचा रकाना तिने कोरा ठेवला. सर जिन्यात होते, फोनवर होते. दुपारी घेऊ सही, असं तिने मनात म्हटलं. दुपारी समितीला जेवण होतं, संध्याकाळी निरोप, दुसऱ्या दिवशी सुट्टी. सही राहिली ती राहिलीच.

"दुसऱ्या कुणी असं केलं असतं ना," चालता चालता ती लताला म्हणाली, "तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. 'मॅडम, आत्ता जाऊ दे, सही नंतर करतो' म्हणणाऱ्या प्रोफेसरांना मी दारातून परत पाठवलंय. आणि स्वतः? समिती आली म्हणून माझी पण वाट लागली. घाई झाली, दुसरं काही नाही."

पुढे सभागृहाचं नूतनीकरण निघालं. काचेचं कपाट उचलून कुठेतरी ठेवलं गेलं. पुस्तकं परत आली नाहीत आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती पुस्तकं मागायला वर्षात एखादा माणूस यायचा. या एप्रिलमध्ये पुस्तकांची मोजणी झाली तेव्हा चौसष्ट कमी भरली. ती चिठ्ठी निघाली. त्यावर सही सहदेवमामांची. मामा ३१ मेला निवृत्त व्हायचे होते. झाले, पण नारळ आणि शाल हातात पडायच्या आधी 'ग्रंथांच्या अपहाराबाबत खुलासा' असं पत्र पडलं.

सुहासिनी त्याच दिवशी सरांकडे गेली. "सर, तुम्हीच सांगितलं होतं. समितीच्या दिवशी."

चंद्रप्रकाश सरांनी चष्मा काढून पुसला. "मी पुस्तकं दाखवायला सांगितलं असेल, मॅडम. बाहेर न्यायला नाही."

ते असं का बोलतात हे तिला आठवड्याभराने कळलं. नूतनीकरणाच्या वेळी कपाट ताब्यात देताना 'कपाट रिकामे' असं लिहून सरांनी सही केली होती. सभागृहात जाऊन कपाट बघितलंही नव्हतं, बघायला वेळ नव्हता. म्हणजे त्यांचीही चूक तिच्यासारखीच, घाईची. ते कपाट प्रशासकीय इमारतीच्या तळघरात आहे हेही तिने कंत्राटदाराच्या माणसाकडून काढलं. तळघर उघडावं म्हणून तिने तीन पत्रं दिली. किल्ली सापडत नाही, असं एकदा तोंडी उत्तर आलं.

लता ऐकत होती. हे सगळं तिला तुकड्यातुकड्याने माहीत होतं. महिला मंडळाच्या दिवाळी अंकात ती दरवर्षी आपल्या वस्तीतल्या एका माणसाबद्दल लिहायची, आणि यंदा सुहासिनीवर लिहायचं तिने ठरवलं होतं. पण शुक्रवारी काय झालं ते तिला माहीत नव्हतं.

"शुक्रवारी सरांनी जबाब टाइप करून ठेवला होता," सुहासिनी म्हणाली. "माझा जबाब. माझ्यासाठी. त्यात होतं की सहदेव घाडी यांच्या सांगण्यावरून मी चिठ्ठी लिहून दिली. खाली माझं नाव, सहीला जागा. आणि म्हणाले कसे, 'तुमचं कंत्राट एकतीसला संपतंय. नव्या पत्रावर शिफारस मलाच करायचीय. मामा तर निवृत्तच झालेत, त्यांचं काय नुकसान?'"

"मग?"

"मग काय. म्हटलं, सर, एक मिनिट. बाहेर आले, कोरा कागद घेतला, चार ओळी लिहिल्या. चौसष्ट पुस्तकं ग्रंथपालांनी तोंडी सांगितल्यावरून मी पाठवली, सहदेव घाडी यांनी मी सांगितलं तेवढंच केलं, लेखी आदेश न घेणं ही माझी चूक. सही केली आणि शिक्का मारला. आवक क्रमांक चारशे सतरा."

लता थांबली. "तूच?"

"आवक माझ्याकडेच आहे ना." सुहासिनीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "सर बाहेर येऊन बघतात तर नोंद झालेली. 'हे आवक कोणी केलं?' म्हटलं, मीच सर. म्हणाले, 'रद्द करा.' म्हटलं, रद्द करायचं तर लाल शाईने कारण लिहून अधिकाऱ्याला सही करावी लागते. पेन काढून दिलं. नोंदवही समोर सरकवली. म्हटलं, करा सर, इथे."

"केली?"

"कशाला करतील? सही करायची सवय असती तर हे झालंच नसतं. पेन घेऊन गेले मात्र. माझं लाल पेन होतं यार, चांगलं होतं."

लताला हसू आवरेना. मेट्रोच्या खांबाला टेकून तिने पायात रुतलेला खडा काढला. मग एकदम गंभीर झाली. "सुहास, नोकरी जाईल गं. पन्नाशीला आलीस. आई तुझ्या जिवावर आहे."

"जाईल."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. रात्री झोप नाही लागत. पण सही नाही करणार. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, लता."

भांडुपला रस्ता सोडून दोघी टेकडीच्या बाजूला वळल्या. सहदेवमामांचं घर चढावर, एकावर एक घातलेल्या खोल्यांच्या रांगेत. वाटेत तिथे थांबायचं हे सुहासिनीने लताला सांगितलं नव्हतं.

मामा दारातच बसले होते, लुंगी आणि बनियन घातलेले. ग्रंथालयात ते कधी इस्त्रीशिवाय दिसले नव्हते. सुहासिनीला बघून गडबडीने उठले, आत जाऊन शर्ट चढवून आले. बायकोने चहा ठेवला. लताने उपास सांगितल्यावर तिला दूध दिलं.

"ह्या वर्षी गणपतीक गावाक गेलेच नाय," मामांची बायको चहा गाळता गाळता बोलली. "तेहतीस वर्सांत एकदा चुकलो नाय ह्यो माणूस. पुतण्यान ता पत्र वाचल्यान नि वाडीत सगळ्यांका सांगल्यान. आता भजनाकसुदा जाणत नाय."

"गप गो," मामा म्हणाले. मग सुहासिनीकडे न बघता, कपबशीकडे बघत म्हणाले, "बाय, शुक्रवारचा माका कळला. माजा आयक. सही करून टाक."

"काय?"

"करून टाक गो सही. मी आता घराक बसलंय. माजा काय जाता? लोक चार दिवस बोलतले नि गप रवतले. तुजी नोकरी तरी रवतली."

सुहासिनीने बशी खाली ठेवली. एवढ्या महिन्यांत तिचा आवाज चढलेला लताने ऐकला नव्हता. तो आत्ता चढला.

"मामा, तुम्ही एक पुस्तक तरी कधी घरी नेलंत? एक? तेहतीस वर्षांत?"

"नाय."

"मग तुम्ही नेलंत असं मी लिहून देऊ? मी? तुम्हाला पुस्तकं न्यायला कुणी सांगितलं? मी सांगितलं. तुम्ही विचारलंसुद्धा होतंत, 'मॅडम, सरांची सही?' आणि मी काय म्हणाले?"

मामा कपाच्या कानाशी चाळा करत राहिले.

"बोला ना. काय म्हणाले मी?"

"'तुम्ही व्हा पुढे, मी घेते,' म्हणालात," मामा हळू म्हणाले. ऑफिसातली मराठी त्यांच्या तोंडी परत आली होती.

"हां. मी घेते म्हणाले आणि घेतली नाही. म्हणजे चोर म्हणायचं तर आधी मला म्हणा. तुम्ही मोठेपणा दाखवून मला सोडवायला जाऊ नका. मला मोठं मन नकोय तुमचं. मला तुमचं नाव धुऊन पाहिजे. आणि हो, उद्या अकरा वाजता यायचं. इस्त्रीचा शर्ट घालून. लुंगीवर बसून राहाल तर मी परत येईन आणि उचलून नेईन."

मामांच्या बायकोने पदर तोंडाला लावला, हसायला की रडायला कुणास ठाऊक. मामांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "तळघराची किल्ली सापडत नाय म्हणतत. ती किल्ली सापडत नाय म्हणजे काय? तीन किल्ल्यो आसत. एक इस्टेटवाल्यांकडे, एक वॉचमनकडे, एक बांधकामवाल्यांकडे. काम निघाला तेवा मी स्वतः नेऊन दिलंय."

सुहासिनी त्यांच्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"माका कोण इचारल्यान?"

"उद्या मी विचारीन. सगळ्यांसमोर. आणि तुम्ही हेच सांगायचं, असंच, मालवणीत सांगितलंत तरी चालेल. पण सांगायचं."

घरातून निघताना मामा दारापर्यंत आले. लता वाकून नमस्कार करायला लागली तर मागे सरले. सुहासिनीने नमस्कार केला नाही. तिने त्यांच्या शर्टाची उलटी दुमडलेली कॉलर सरळ केली आणि उतार उतरायला लागली.

सोनापूरचा सिग्नल आला. लताचे पाय आता लाल झाले होते. सुहासिनीने पिशवीतल्या चपला काढून पुढे केल्या, लताने मान हलवली, सुहासिनीने त्या परत पिशवीत टाकल्या. बाजूने एक बस धूर सोडत गेली.

लता चालता चालता मनातल्या मनात स्तोत्र म्हणत होती, पण मध्येच थांबत होती. शब्द विसरत नव्हती, काय मागायचं ते विसरत होती. घाटकोपरहून निघाली तेव्हा नोकरी मागायची होती. भांडुपचा चढ उतरल्यावर ते मागणं तिला अर्धवट वाटायला लागलं. देवापुढे उभं राहिल्यावर जे येईल ते येईल, असं तिने ठरवलं.

"तुझे वडील असते तर काय म्हणाले असते गं?" तिने विचारलं.

सुहासिनीचे वडील भीमराज. बुलढाण्याकडून आले, आयुष्यभर डेपोत बसगाड्या धुतल्या. वाचता जेमतेम यायचं, पण घरातला एकही कागद त्यांनी फेकला नाही. रेशनची पावती, शाळेची चिठ्ठी, लसीचं कार्ड, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत.

"आबा?" सुहासिनीने विचार केला. "आधी शिव्या घातल्या असत्या. रकाना कोरा सोडला म्हणून. आई शप्पथ, चपलेने मारलं असतं. नोकरीचं नंतर बोलले असते."

"आणि नंतर?"

"नंतर विचारलं असतं, चारशे सतराची झेरॉक्स काढलीस का?"

"काढलीस?"

"चार. एक तुझ्या चपलांच्या पिशवीत आहे."

मुलुंडच्या नाक्याच्या अलीकडे संकष्टीची गर्दी सुरू झाली. फुलवाले, दूर्वांच्या जुड्या, केळीची पानं. बायकांची रांग रस्त्यावर आली होती. लता रांगेत उभी राहिली आणि सुहासिनी नेहमीसारखी बाजूच्या ओट्यावर बसायला निघाली. दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"लता, दिवाळी अंकाला काही लिहितेस ना माझ्यावर?"

"लिहायचंय. पण उद्याचं होऊ दे. मग निवांत लिहिते. शेवट कळायला पाहिजे ना."

"नको." सुहासिनी रांगेच्या दोरीला धरून उभी राहिली. मागच्या बाईने 'अहो, घुसू नका' म्हटलं, तिला सुहासिनीने 'मी दर्शनाला नाही हो, बोलायला आलेय' असं सांगून टाकलं. "उद्याच्या आधी लिही. आज रात्री बस."

"अगं पण..."

"ऐक. उद्या मी जिंकले, पुस्तकं सापडली, मामा सुटले, तर तू मला देवी करून ठेवशील. तुझी सवय मला माहितीये. आणि हरले, तर बिचारी करशील. सगळ्या बायका अंक वाचून च् च् करतील. मला दोन्ही नकोय. आत्ता मी जी आहे ना, उन्हात घाम आलेली, चूक केलेली, सही न केलेली, एवढीच लिही. पुढचं कुणाला माहीत नसताना लिही. मला माहीत नसतानाच मी नाही म्हणाले, तर तुला माहीत नसतानाच तू लिही. करशील?"

रांग पुढे सरकली. लता सरकली नाही. "शेवटाशिवाय लिहिते," ती म्हणाली.